उजेडाने कोरलेला धुरा

आदल्या दिवशी आईने गच्चीवर कुरडया घातल्या होत्या. त्या दिवसाबद्दल सांगण्यासारखं एवढंच आहे, आणि म्हणूनच तो मला पुन्हा पुन्हा आठवतो. एप्रिल होता. बुलढाण्याला घाटावरचा म्हणून जो थंडावा असतो तो त्या आठवड्यात कुठेच नव्हता. पहाटे शिजवलेल्या चिकाचा आंबूस वास जिन्यातून खाली आला आणि मी जागी झाले. वर गेले तर जुन्या धोतरावर ओळीने घातलेल्या कुरडया, त्यांच्यावर वाकलेली आई, हातात सोऱ्या, आणि जिन्याच्या खोलीला टेकून चहा पीत उभे असलेले बाबा. शेजारी त्यांची दुर्बीण, फाटकी रजई पांघरून, आजारी माणसासारखी. गच्चीचा करार जुना होता : सूर्य असेपर्यंत गच्ची आईची, सूर्य गेला की बाबांची. "संध्याकाळच्या आत उचल हे सारं," बाबा म्हणाले, "रात्री पायाखाली कुरूमकुरूम होते." आई मान वर न करता म्हणाली, "तुमचं नळकांडं उचला आधी. माणसानं वाळवण काय डोक्यावर घालाव?" मग आम्ही खाली आलो आणि बाबांनी कॉम्प्युटरवर त्यांचा फोटो लावला. सप्तर्षींच्या शेपटीच्या टोकाखाली, श्यामशबलाच्या तारकासमूहात एक दीर्घिका आहे, भोवऱ्यासारखी. दोन बाहू फिरवत बसलेली, आणि एका बाहूच्या टोकाला लटकलेली तिची धाकटी. "पाह्य सुलभा, ही माही कुरडई." आईने हात पुसत पाहिलं. "फसली," ती म्हणाली. "चीक पातळ झाला." बाबा इतके हसले की चहा बशीत सांडला. "चीक नाही पातळ झाला वं. कोपऱ्यावरचा दिवा त्याच्यात सांडला." फोटोचा एक कोपरा खरंच दुधाळ होता, आणि तो दूधपणा मध्यापर्यंत ओघळत आला होता. संध्याकाळी ते मला पुण्याच्या बसपर्यंत सोडायला आले. बॅग वर चढवली, एकदा आभाळाकडे पाहिलं, म्हणाले, "आज आभाळ बरं हाय." गाडी निघाली.

सकाळी मी पुण्यात उतरत होते तेव्हा फोन आला. आई दुसरा चीक शिजवून वर गेली होती. दुर्बीण उभी होती आणि बाबा नव्हते. ते मागच्या बोळात होते, घर आणि कंपाउंडची भिंत यांच्या मधे. आमचे नगरसेवक महादेवराव, त्यांनी स्वतःच्या गाडीत घालून नेलं, स्वतःच्या हाताने स्ट्रेचर ओढलं, आणि दवाखान्याच्या पायऱ्यांवर जे पहिलं वाक्य ते बोलले ते दुपारपर्यंत साऱ्या कॉलनीत पोचलं : अंधारात पाय घसरला. मी घरी पोचले तेव्हा दारातल्या चपलांमधून वाट काढताना मला तेच ऐकू आलं. समोरच्या कोकिळा काकूंनी मला छातीशी धरलं आणि माझ्या केसांत त्या तेच म्हणाल्या, "अंधारात पाय घसरला वं बाई." इतक्या मायेने म्हटलेलं वाक्य खोटं असू शकतं, हे समजायला मला वेळ लागला.

बाबा भूमी अभिलेखात मोजणीदार होते. आयुष्यभर त्यांनी दुसऱ्यांची शेतं मोजली. जानेफळपासून धाडपर्यंत असं गाव नसेल जिथल्या दोन भावांच्या मधे त्यांनी साखळी धरली नाही. त्यामुळे त्यांची भाषा शेतातली राहिली. मी पुण्याला शिकायला गेले, हॉस्टेलमध्ये एकदा 'मले' म्हणाले, पोरी हसल्या, आणि माझी भाषा एका आठवड्यात धुऊन निघाली, तिने पुन्हा रंग धरला नाही. बाबांशीसुद्धा मी पुस्तकासारखं बोलायची. त्यांनी त्याबद्दल कधी काही म्हटलं नाही. ते सांगायचे की शेत कोणी एका रात्रीत चोरत नाही. शेजारी दरवर्षी नांगरताना एक तास, म्हणजे नांगराची एक ओळ, धुऱ्याला घासून काढतो, दोन शेतांमधला धुरा कोरत जातो, आणि वीस वर्षांनी तुमचं आंब्याचं झाड त्याच्या वावरात उभं असतं. तक्रार कधी करणार? एका तासाची तक्रार केली तर लोक तुम्हालाच भांडकुदळ म्हणतात. निवृत्त झाल्यावर त्यांनी दुर्बीण घेतली, मोटरवर फिरणारी बैठक घेतली, कॅमेरा घेतला, आणि मला फोनवर म्हणाले, "आता अशी जागा मोजतो जिथं कोणाचं भांडण नाही." तेव्हा कॉलनीत पिवळे दिवे होते. पिवळ्या उजेडाला बाबांकडे उपाय होता, एक काचेची चकती, जी तेवढा पिवळा गाळून टाकायची. मग पांढरे दिवे आले. पांढऱ्यात सगळेच रंग असतात, म्हणजे दीर्घिकेचेही असतात. चकतीने काय गाळायचं? आणि गेल्या दिवाळीत आमच्या पश्चिमेच्या कोपऱ्यावर हायमास्ट उभा राहिला. उंच खांब, वर गोल कडं, कड्याला चारही बाजूंनी तोंडं करून बसलेले दिवे. उद्घाटनाला पेढे होते. बाबांनी पेढा खाल्ला आणि घरी येऊन आईचं चवाळं, ते जाडंभरडं कापड, मागितलं.

महादेवरावांकडे ते एकदा गेले होते. दिवा बंद करा म्हणायला नाही. दिवा बंद करा असं आमच्या घरात कोणी म्हणत नाही. समई शांत करायची असली तरी आई म्हणते, दिव्याला निरोप दे. लहानपणी एकदा मी 'विझव' म्हणाले तर तिने तोंडावर हात ठेवला होता. लोकांच्या दिव्याबद्दल तर बोलायचंच नाही. ते अवलक्षण, ते शत्रूने करायचं काम. म्हणून बाबा फक्त एवढंच मागायला गेले की दिव्यांना वरून झाकण लावा, तोंडं खाली करा. "उजेड रस्त्यावर पडू द्या ना, भाऊ. हा आभाळाकडे पाहून राह्यला. आभाळाले काय रात्री अभ्यास कराचा हाय?" महादेवराव हसले. चांगला माणूस, कोणाच्याही मयतीला पहिला आणि कोणाच्याही लग्नात शेवटपर्यंत. ते म्हणाले, "साहेब, लोकं लाइटसाठी मोर्चे काढतात. अंधार मागणारा माणूस म्या पह्यलाच पाह्यला." तिथे बसलेले सगळे हसले आणि त्या संध्याकाळपासून बाबांचं नाव अंधारे साहेब पडलं. कोणी भाजी घेताना हाक मारायचं, "काय अंधारे साहेब, दिसते का बरोबर?" बाबा हात वर करायचे. मला ते त्यांनी विनोद म्हणूनच सांगितलं. मीही हसले. आता तो हसण्याचा आवाज माझ्या कानात येतो, आणि त्यात महादेवरावांचा आवाज कुठला आणि माझा कुठला हे मला वेगळं करता येत नाही.

ज्यांनी कधी पाहिलंच नाही त्यांच्यावर मी रागावले नसते. पण या लोकांनी पाहिलं होतं. मी शाळेत होते तेव्हा भारनियमन असायचं. तिन्हीसांजेला वीज गेली की सगळी कॉलनी गच्च्यांवर यायची, चटया, उशा, पाण्याच्या कळश्या घेऊन, आणि इकडच्या गच्चीवरून तिकडच्या गच्चीवर बोलणं चालायचं. बाबांकडे तेव्हा फक्त द्विनेत्री होती. ते एकेकाच्या हातात द्यायचे. महादेवरावांनी त्यातून देवयानी तारकासमूहातला तो धुरकट ठिपका पाहिला होता. मला आठवतं, द्विनेत्री डोळ्यांवरून न काढताच ते हळूच म्हणाले होते, "हे इथंच होतं काय इतके दिवस?" बाबांनी विचारलं, "कुठं जाईन मंग?" तेवढ्यात वीज आली. सगळ्या गच्च्यांवरून एकच ओरडा, "आली, आली," आणि धडधड जिने उतरणं, टीव्हीचे आवाज. बाबा वरच राहिले. मी जिन्यात अर्ध्यावर थांबले होते, खाली मालिका लागली होती, वर बाबा द्विनेत्रीच्या काचा सदऱ्याला पुसत होते. त्यांना मी नीट पाहू शकत होते, कारण आता उजेड होता. ते मात्र आभाळात काही पाहू शकत नव्हते. त्या वेळी मला वाटलं होतं की ही दोन वेगवेगळी वाक्यं आहेत.

रोहिणखेडला जा, असं त्यांना पुष्कळांनी सुचवलं. तिकडे अजून काळं आभाळ आहे, आमचा अमुक आहे तिथे, त्याच्या मळ्यात खाट टाकून देतो. मीही सुचवलं होतं. बाबा म्हणाले, "माह्या वावरात दुसऱ्यानं धुरा कोरला तं म्या गाव सोडून जाव? म्या मोजणीचा माणूस हाय, भार्गू. म्या माह्या घरूनच पाहीन." आणि ते पाहत राहिले. चवाळं बांबूला बांधून त्यांनी पश्चिमेकडे आडोसा केला, तो वाऱ्याने फाडला. ताडपत्री लावली, तिने बैठक हलवली. शेवटी त्यांना अख्ख्या गच्चीत उरलेली एकच सावली सापडली, जिन्याच्या खोलीच्या मागे, पूर्वेच्या अंगाला, दुर्बीण आणि एक माणूस मावेल एवढी पट्टी. घर बांधताना वरचा मजला पुढे कधीतरी चढवू म्हणून त्या बाजूला कठडा घातला नव्हता, नुसत्या सळया सोडल्या होत्या. मजला चढला नाही, सळया गंजल्या. दिवाळीपासून एप्रिलपर्यंत बाबा त्या पट्टीत उभे राहिले.

दहावा झाल्यावर एका संध्याकाळी मी तिथे जाऊन पाहिलं. खाली ओसरीत दक्षिणेकडे वात करून ठेवलेला दिवा होता, कोकिळा काकू त्याला तेल घालत बसल्या होत्या. त्या दिव्याबद्दल माझं काही म्हणणं नव्हतं. तो फक्त आपल्यापुरता उजेड देत होता. मी गच्चीवर आले तर जमीन, टाकी, दोरीवरचे चिमटे, सगळं त्या पांढऱ्या उजेडात खडखडीत उभं होतं. कुरडयांचा एक चुरा पायाखाली आला तोसुद्धा दिसत होता. मग मी जिन्याच्या खोलीला वळसा घालून त्या पट्टीत पाऊल टाकलं आणि मला काहीही दिसेना. अंधार होता म्हणून नव्हे. अंधारात माणसाला दिसतं. थोडा वेळ थांबलं की डोळे उघडतात, भिंतीची कड दिसते, सळई दिसते, स्वतःचे पाय दिसतात. भारनियमनात आम्ही पोरं कठड्यावरून कठड्यावर उड्या मारायचो आणि एकाचंही हाड मोडलं नाही. इथे डोळे अजून त्या पांढऱ्यानेच भरलेले होते. मी भिंतीला पाठ लावून उभी राहिले. बाबा प्रत्येक वेळी असेच वळत असणार. काहीतरी आणायला त्या उजेडात जायचं आणि भरल्या डोळ्यांनी परत या काळ्या चिरेत यायचं. त्यांना अंधाराने ढकललं नाही. अंधार त्यांचा सोबती होता, तो त्यांना सांभाळून घेत होता. त्याची जागा कोरून कोरून एवढीशी केली होती, की शेवटी त्यात एका म्हाताऱ्या माणसाचे दोन पाय मावेनात.

कॅमेऱ्यातलं कार्ड मी काढून पाहिलं होतं. दीर्घिकेचा फोटो एका दमात येत नाही, हे बाबांनी मला समजावलं होतं. एकेक फ्रेम दोन दोन मिनिटं उघडी ठेवायची, अशा ढीगभर घ्यायच्या आणि एकावर एक ठेवायच्या. सुट्या फ्रेममध्ये बहुतेक कचराच असतो, पण कचरा प्रत्येक वेळी वेगळीकडे पडतो आणि खरी गोष्ट प्रत्येक वेळी त्याच जागी असते. एकावर एक ठेवत गेलं की खरं तेवढं वर येतं. त्या रात्री बाबा पडल्यावरही कॅमेरा फोटो काढत राहिला होता. कोणी थांबवलं नाही म्हणून मोटर दीर्घिकेच्या मागे मागे फिरत राहिली. एवढ्या सलग फ्रेम बाबांना कधीच मिळाल्या नव्हत्या. दर वेळी थंडीने, डासांनी किंवा आईच्या हाकेने ते खाली यायचे. मी एकेक पाहत गेले. आधी राखाडी आभाळ आणि मधे फिकट भोवरा. मग दीर्घिका पश्चिमेला कलली तसा खोलीच्या माथ्यावरून उजेड आत शिरू लागला, आधी एका कडेला, मग अर्ध्यापर्यंत. शेवटच्या फ्रेम नुसत्या पांढऱ्या होत्या. कोऱ्या कागदासारख्या, पुसलेल्या. मी हे कोणाला दाखवलं नाही. कोणाला दाखवायचं होतं? दाखवलं असतं तर ते म्हणाले असते, फोटो चांगला उजेडात आलाय.

मे महिन्यात, पुण्यात दुपारचा डबा खाताना, फोनवर एक पत्रिका आली. कॉलनीच्या ग्रुपवर. बाबांचा चेहरा कुठल्यातरी लग्नाच्या फोटोतून कापून घेतला होता, खांद्यावर कोणाचा तरी हात तसाच राहिला होता. वर लिहिलं होतं : अंधाराकडून प्रकाशाकडे. खाली : कै. नीळकंठराव स्मृती हायमास्ट, लोकार्पण सोहळा, शुभहस्ते कन्या भार्गवी. नवा खांब पूर्वेच्या कोपऱ्यावर होता. त्या पट्टीच्या समोर. भाजी तोंडात तशीच राहिली. शेजारच्या टेबलावरच्या अपेक्षाने विचारलं, काय झालं गं? मी म्हणाले, वडिलांच्या नावाने काहीतरी करतायत. ती म्हणाली, किती छान. मी पुस्तकांत राहिलेली बाई आहे. विसंगती वगैरे शब्द मला ठाऊक आहेत, मी त्यावर वर्गात तासभर बोलू शकते. त्या क्षणी त्यातला एकही शब्द उपयोगी पडला नाही. मला फक्त राग आला, आंबूस चिकाच्या वासाचा.

सोहळ्याच्या दिवशी बुलढाण्याला उतरले आणि महादेवरावांना भेटायला मी सकाळीच गेले. ते अंगणात खुर्ची टाकून बसले होते. मला पाहून उठले, आत आवाज दिला, "चहा ठेवा वं, साहेबाची पोरगी आली." मी म्हणाले, काका, बाबांना दिवे नको होते, तुम्हाला माहीत आहे. ते खाली बसले. "माहीत हाय ना बाई. म्हणूनच तं जीव जळते माहा." त्यांचे डोळे भरून आले. ते खरे होते, हे मी पाहत होते. "तवा ऐकलं नाही साहेबानं. थट्टा केली म्या बी. तिकडून एक लाइट लावला असता तं आज इथं बसले असते. आता निदान दुसऱ्या कोणाचा बाप पडू नये." मी माझ्या स्वच्छ भाषेत सांगू लागले, सावली, डोळे, पूर्वेची पट्टी. ते ऐकत होते, जसं आपण सुतकातल्या माणसाचं ऐकतो, मान हलवत. मग माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "नाही म्हणू नको बापा. सारी कॉलनी उभी राह्यली हाय." चहा आला. मी पेढा खाल्लेल्या माणसाची मुलगी होते. मी चहा प्याले.

आई देवघरात वाती वळत होती. मी विचारलं, तू हो कशी म्हणालीस? "नाही कसं म्हणाव? मानाचं करून राह्यले लोकं." वात वळताना तिचा हात थांबला नाही. "तुले वाटते मले समजत नाही. मले सारं समजते. महिना झाला, म्या त्या गच्चीवर गेली नाही. पण दिवा लावू नका असं तोंडानं म्हणाव कसं? माह्या जिभेले ते वळणच नाही." तिने वात तबकात ठेवली, दुसरी घेतली. मग माझ्याकडे न पाहता म्हणाली, "त्यायच्या बी नव्हतं. नाहीतं तोंडावर म्हणले असते अन् मोकळे झाले असते. आडोसे बांधत बसले जलमभर." थोड्या वेळाने : "तू तं पुण्याची हायस. तुले काहीबी म्हणता येते."

संध्याकाळी पूर्वेच्या कोपऱ्यावर प्लॅस्टिकच्या खुर्च्या होत्या, लाल कापड घातलेलं टेबल, त्यावर नारळ, बाबांचा तो कापलेला फोटो आणि बटणाचा डबा. सूर्य बुडाला होता, पण पश्चिमेचा हायमास्ट दिवस असतानाच लागला होता, त्यामुळे संध्याकाळ झालीच नव्हती. सगळ्यांच्या सावल्या एकाच बाजूला, लांब, खुर्च्यांसकट. आई पहिल्या रांगेत बसली होती, पदर घट्ट धरून. कोकिळा काकूंनी फोटोला हार घातला. महादेवराव बोलले. साहेब म्हणजे देव माणूस. साहेबाले आभाळाचा नाद. कॉलनीचं दुर्दैव की अंधारात साहेबाचा पाय घसरला. मी वर पाहिलं. तिथून आमची गच्ची दिसत होती, गंजक्या सळया, आणि त्यांच्या मागे ती काळी पट्टी, एवढ्या साऱ्या पांढऱ्यात बाबांच्या मालकीची तेवढीच राहिलेली जागा. तिच्या वर, उत्तरेला, सप्तर्षी असणार होते. मला ते दिसत नव्हते. ते कुठे असतील हे मात्र बोटाने दाखवता आलं असतं, कारण ती खरी गोष्ट होती आणि प्रत्येक वेळी त्याच जागी होती. "आता साहेबाची कन्या बटण दाबन," महादेवराव म्हणाले आणि टाळ्या झाल्या. त्यांनी माझ्या हातात माइक दिला, "दोन शब्द बोल बाई." माझ्याजवळ वाक्यं तयार होती. दिवसभर जुळवली होती, मोजकी, सभ्य, कोणालाही न दुखावणारी. त्यांत आभार होते, विनंती होती, दिव्यांना झाकणं लावण्याबद्दल एक सूचनाही होती. बाबांनी बांधलेल्या आडोशांसारखी. मी आईकडे पाहिलं. तिने पदर सोडला होता.

माझा दुसरा हात बटणावर होता, तो मी काढून घेतला. "लाइट बंद करा," मी म्हणाले. ते इतकं हळू आलं की मागच्यांना वाटलं माइक बिघडला. महादेवराव वाकले. "बंद नाही बाई, चालू हाय माइक. काय म्हणली?"

मी माइक तोंडाजवळ धरला आणि पश्चिमेच्या खांबाकडे बोट केलं. "हा लावू नका, काका. अन् तो बी बंद करा. माह्या बाबाले दिसून नाही राह्यलं."